टेकडीवरच्या सरदाराची बाजू

टिंग.

दुपारी अडीच वाजता, बटण झोपल्यावर घरात जी शांतता पसरते, ती मोडायला एवढा आवाज पुष्कळ होतो. आवाज स्वयंपाकघरातून आला. भांड्याचा होता, पण भांडं पडल्याचा नव्हता. भांड्यावर काहीतरी पडल्याचा होता. बटणची आई हातातला ब्रश दातात धरून धावली. बघते तर निळ्या सैन्याचे टेकडीवरचे सरदार, उंची सव्वा इंच, घोड्यासकट फडताळाच्या कडेवरून थेट दुधाच्या पातेल्यात उतरलेले. घोडा पोटापर्यंत दुधात उभा होता. वर सरदार बसलेले होते, पण खांद्यापर्यंतच. डोकं पातेल्याच्या काठावर आपटून ओट्यावर घरंगळलं होतं आणि तिथून तिच्याकडे अत्यंत नाराजीनं बघत होतं.

"रविवारी लढाई आहे," ती त्या डोक्याला हळू आवाजात म्हणाली, "आणि तुम्हाला आजच हे सुचलं का?"

हळू आवाजात, कारण बटण. बटण म्हणजे तिची साडेचार वर्षांची लेक. नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण दहाव्या महिन्यात तिनं बाबांच्या शर्टाचं बटण गिळलं आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप परत केलं, तेव्हापासून ते चार अक्षरी नाव फक्त लसींच्या कार्डावर उरलंय. बटण दुपारी एक तास चाळीस मिनिटं झोपते. या एक तास चाळीस मिनिटांत तिच्या आईला अठराव्या शतकातली एक संपूर्ण लढाई उभी करायची होती.

आता ही लढाई का, हे सांगायलाच हवं. नाहीतर एक बाई भर दुपारी दुधातून घोडा काढतेय एवढंच दिसेल, आणि शेजाऱ्यांना तेवढंच दिसत होतं.

गावात एक इतिहास मंडळ होतं. मंडळाचे चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, छडी सुटली नाही. ती आता नकाशावर ठिकाणं दाखवायच्या कामी येई. महिन्यापूर्वी त्यांनी दोन राजांच्या एका जुन्या लढाईवर व्याख्यान दिलं. एक राजा निळ्या कोटांचा, एक पांढऱ्या. निळे हरले. का हरले, तर त्यांचा एक सरदार टेकडीवर चार पलटणी घेऊन उभा होता आणि खाली उतरलाच नाही.

"तीन तास!" चिटणीस छडी आपटून म्हणाले. "खाली आपली माणसं कापली जातायत, आणि हा गृहस्थ वर वारा खात उभा! भित्रा होता, दुसरं काय!"

बटणची आई उठून उभी राहिली. त्या सभागृहात बाई उभी राहिली की ती चहाचं बघायला उठली असंच लोक समजत, त्यामुळे दोघांनी आपले कप पुढे केले.

"त्याला चिठ्ठी आली होती ना, सरसेनापतींची?" तिनं विचारलं. "पुस्तकात त्या चिठ्ठीचा फोटोच आहे. एकच शब्द आहे तिच्यात. थांबा."

"आली होती."

"मग तो थांबला."

"अहो ताई, थांबा म्हणजे काय जन्मभर थांबा असं असतं का? माणसानं थोडं डोकं वापरायचं असतं."

"मग ते चिठ्ठी लिहिणाऱ्यानं का नाही वापरलं?"

लोक हसले. चिटणीसही हसले, पण शाळा तपासणीच्या दिवशी हसतात तसं. "छान," ते म्हणाले. "मूल लहान आहे ना तुमचं घरी? तरी फावल्या वेळात वाचता. कौतुक आहे."

फावला वेळ! गेल्या साडेचार वर्षांत तिला काय फावलं असेल तर ते उभ्यानं जेवणं. हा शब्द तिच्या कानातून आत गेला आणि पार टाचेपर्यंत उतरला. एरवी ती भांडणारी बाई नव्हती. भूमापन कचेरीत नकाशे काढायचं तिचं काम. तिथं आवाज चढवून रेघ सरळ येत नाही. पण बाळंतपणाची रजा संपवून ती कचेरीत गेली तेव्हा साहेब म्हणाले होते, "सध्या थांबा, कळवतो." त्याला आता तीन वर्षं झाली होती. मध्यंतरी साहेब बदलले, कचेरीच्या भिंतींचा रंग बदलला, तिच्या खुर्चीवर एक झेरॉक्स मशीन बसलं. कळवलं कुणीच नाही. तेव्हा टेकडीवरच्या त्या सरदाराला भित्रा म्हटलेलं तिला एवढं का लागलं, हे त्या सभागृहात कुणाला कळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिलाही कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी लढून दाखवते."

"कुठं?" चिटणीस म्हणाले.

"टेबलावर."

झालं. अटी तिथंच ठरल्या. चिटणीसांचं व्याख्यान मंडळाच्या वार्षिक अंकात छापलं जाणार होतं, आणि त्यात एक वाक्य होतं: 'टेकडीवरचा सरदार भित्रा होता.' लढाईत ती खोटी ठरली तर तिनं याच सभागृहात उभं राहून तसं कबूल करायचं. ती खरी ठरली तर ते वाक्य जाणार. दोनशेसाठ वर्षांपूर्वी मेलेल्या एका परक्या माणसाच्या अब्रूची जबाबदारी घेऊन ती घरी आली, आणि नवऱ्याला म्हणाली, "जेवायचं टेबल तीन आठवडे मला लागेल."

नवरा पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत होता. स्वभावानं तोही पाण्यासारखाच, वाट मिळेल तिकडे. "मी काही बोललो का?" एवढंच तो म्हणाला, आणि ताट घेऊन ओट्यापाशी उभा राहिला. पुढचे तीन आठवडे घरातले सगळे तसेच उभ्यानं जेवले. तिला ते नवीन नव्हतं.

सैन्य प्लॅस्टिकचं आलं, चारशे नग, सगळे राखाडी. सरदार तेवढे धातूचे. रंगवायला नखांचा रंग बरा, वाळतो पटकन, हा सल्ला समोरच्या ब्यूटी पार्लरवालीचा. त्याप्रमाणे दोनशे निळे आणि दोनशे पांढरे व्हायचे होते. प्रत्यक्षात एकशेसाठ निळे झाले आणि चाळीस गुलाबी, कारण बटण एक दिवस वीस मिनिटं आधी उठली. त्या वीस मिनिटांत इतिहासात कुठंही नोंद नसलेली एक गुलाबी पलटण तयार झाली. सगळ्यांना मिशा होत्या. घोड्यांनासुद्धा.

"हे कोण?" आईनं कपाळाला हात लावून विचारलं.

"हे पाहुणे," बटण म्हणाली.

दहा-दहा शिपायांची रांग पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवायची होती. गोंद भारी होता. इतका, की एका सकाळी नवरा कामावर गेला तो कोपराला एक पांढरा घोडेस्वार घेऊनच. वरिष्ठांसमोर अहवाल वाचताना त्यानं पान उलटलं की घोडेस्वार तलवार उपसून पुढे येई. त्याचा अहवाल प्रथमच एकही प्रश्न न विचारता मंजूर झाला. संध्याकाळी तो म्हणाला, "याला सोडव. नाहीतर राहू दे, पुढच्या महिन्यात परत मीटिंग आहे."

टेकडी मात्र सहज झाली नाही. वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहत. त्यांना लढाईचं कळल्यावर ते स्वतः खाली आले. "वहिनी, टेकडी माझ्यावर सोडा. आमच्याकडे जबड्याचे साचे घ्यायचं प्लॅस्टर असतं. चार मिनिटांत घट्ट." डॉक्टर भले माणूस, पण आयुष्यभर त्यांनी एकच वस्तू केलेली. चार मिनिटांत टेकडी झाली ती गुलाबी, घोड्याच्या नालेच्या आकाराची आणि कडेनं बारीक उंचवटे असलेली.

सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "अगं, ही तर कवळी आहे."

"टेकडी आहे, आई."

"असेल. पण माझा डाव कुठंय?"

सासूबाईंचा आमटीचा डाव टेकडीत होता. प्लॅस्टर ढवळायला घेतला, चार मिनिटं झाली, राहिला. दांडा उत्तरेकडून वीतभर बाहेर आलेला. तो काढायचा तर टेकडी फुटणार होती. शेवटी दांड्याला हिरवा रंग देऊन त्याचं झाड करण्यात आलं. सासूबाई आठ दिवस आमटी वाटीनं वाढत होत्या आणि प्रत्येक वाटीगणिक झाडाकडे बघत होत्या. पण नवव्या दिवशी दुपारी बटणची आई हात धुऊन आली तर सासूबाई टेबलाशी एकट्याच उभ्या. त्यांनी एक घोडा उचलून मागच्या रांगेत नेऊन ठेवला होता. "हा दमलाय गं," त्या म्हणाल्या. "तोंडावरून कळतंय." त्या दिवसापासून निळ्या सैन्याची निशाणं सासूबाईंनी शिवली. चारी बाजूंनी दुमडून, टीप घालून. अर्ध्या इंचाच्या निशाणाला टीप!

नदी म्हणून नवऱ्याचा निळा टाय टाकला. त्याला तिरपे पट्टे होते. "लाटा," तो स्वतःच म्हणाला, आणि नंतर दचकून, "म्हणजे, मी काही बोललो का?"

मग सभागृहाची परवानगी. तिथला कारकून काचेच्या मागे बसे. काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर कमरेत वाकावं लागे. नियमच तसा असावा.

"कार्यक्रमाचं स्वरूप?"

"लढाई."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "लढाईला देत नाही आम्ही."

"लहान आहे हो."

"किती जण?"

"चारशे."

"चारशे? क्षमता एकशेवीस आहे, बाई."

"चारशे जण सव्वा इंचाचे आहेत."

त्यानं अर्ज उलटून पाहिला. "उंचीचा रकाना नाही यात." मग जरा दयेनं, "मी सांगतो तसं लिहा. बाहुल्यांचं प्रदर्शन. लगेच मिळेल."

वाकलेली बाई सरळ झाली. तीन आठवडे बोटांची नखं निळी ठेवून, आमटीचा डाव गमावून, घरादाराला उभ्यानं जेवायला लावून ती काही बाहुल्यांचं प्रदर्शन भरवायला निघाली नव्हती. "लढाईच लिहा," ती भोकातून नव्हे तर काचेवरून म्हणाली.

"मग साहेबांना विचारावं लागेल. थांबा."

ती थांबली. पाऊण तासानं झाडूवाल्यानं सांगितलं की साहेब सोमवारपर्यंत रजेवर आहेत, आणि कारकून मागच्या दारानं जेवायला गेलेत. हे दोन्ही कारकुनाला माहीत होतं. तो परत आला तेव्हा ती त्याच फरशीवर उभी होती.

"तुम्ही अजून इथंच?" तो म्हणाला.

"थांबा म्हणालात ना."

माणूस मनानं वाईट नव्हता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि निमूटपणे 'लढाई (लहान)' असं लिहून शिक्का मारला.

रविवारी टेबल, सैन्य आणि निशाणं नवऱ्यानं आणि डॉक्टरांनी नेली. टेकडी जड, आणि हलली तर तडा जाईल. ती बटणच्या जुन्या बाबागाडीत ठेवली, वर पांघरूण घातलं, आणि बटणची आई रस्त्यानं ती ढकलत निघाली. चौकात एक आजीबाई थांबल्या. "झोपलंय वाटतं," म्हणत त्यांनी वाकून पांघरूण जरासं उचललं. आत गुलाबी हिरड्या आणि एक हिरवा दांडा. आजीबाईंनी पांघरूण अतिशय मायेनं परत घातलं.

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"त्यांनीच केलंय," बटणची आई म्हणाली, आणि पुढे निघाली. आजीबाई बराच वेळ तिथंच उभ्या होत्या.

चार वाजता सभागृह भरलं होतं. नियम तिनं केले होते आणि मोठ्यानं वाचूनही दाखवले. निळ्यांचे सरसेनापती चिटणीस. पांढऱ्यांचे सेनापती दाताचे डॉक्टर. टेकडीवरची सरदार ती स्वतः. तिनं टेकडीमागे गुडघ्यांवर बसून टेबलाच्या कडेला डोळे लावायचे आणि तिथून दिसेल तेवढंच बघायचं. हुकूम सगळे चिठ्ठीवर. ओरडलेलं ऐकू आलं तरी ऐकायचं नाही, कारण लढाईत तोफांपुढे ते ऐकू येत नसतं. चिठ्ठ्या नेणारा स्वार म्हणून सासूबाईंची निवड झाली होती. त्यांचे गुडघे दुखत. तेव्हा स्वाराला मैलभर जायला जेवढा वेळ लागला असेल, तेवढा त्यांना टेबलाला वळसा घालायला बरोब्बर लागत होता.

"मान्य!" चिटणीस म्हणाले. "आता बघाच चिठ्ठी कशी लिहायची असते ती."

पहिली चिठ्ठी खरंच चांगली होती: 'टेकडी धरून ठेवा. रिसाला डाव्या अंगाला.' बटणच्या आईनं घोडे डावीकडे सरकवले. लोकांनी माना डोलावल्या. गुलाबी पलटणीनं नदीवरचा पूल घेतला तेव्हा तर टाळ्या पडल्या. नंतर डॉक्टरांनी पांढरा तोफखाना पुढे काढला. दातांत इतकी वर्षं काढलेला माणूस. फट दिसली की तो थांबत नाही.

"सहा इंच झाले हे!" चिटणीस ओरडले. "तोफांना चारच इंच आहेत!"

"चारच आहेत. मोजा ना," डॉक्टर म्हणाले.

पट्टी आली. पट्टी टेकडीच्या कडेनं लावायची की नदीवरून, यावर वाद सुरू झाला. टायला सुरकुती पडली होती, ती मोजायची की नाही, यावर दुसरा. वाद चालू असताना टेकडीवरचं कुणी हलू नये म्हणून चिटणीसांनी घाईघाईत एक चिठ्ठी खरडली आणि मागे न बघताच सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाई निघाल्या. पोचल्या. बटणच्या आईनं चिठ्ठी उघडली.

'थांबा.'

ती थांबली.

पट्टीचा वाद चिटणीस जिंकले. त्या आनंदात त्यांनी मधल्या फळीला पुढे जायचा हुकूम दिला आणि टेकडी विसरले. डॉक्टर वाद हरले होते, त्यामुळे आता ते मनापासून लढू लागले. पांढरे घोडेस्वार, त्यांतला कोपरावरचासुद्धा, नदी ओलांडून निळ्यांच्या मधल्या फळीत घुसले. टेकडीवरून सगळं दिसत होतं. बटणच्या आईच्या पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि पाय आहेत की नाही हे कळेनासं झालं. तिच्यासमोर चार पलटणी ताज्यातवान्या उभ्या होत्या. एक हात पुढे केला असता तर लढाई फिरली असती. हात शिवशिवत होता. तो तिनं गुडघ्याखाली दाबून ठेवला.

"टेकडी!" चिटणीसांना एकदम आठवलं. "अहो, टेकडीवरचे झोपलेत का? उतरा की खाली!"

ती टेबलाच्या कडेवरून बघत राहिली.

"ऐकू येतंय त्यांना! हसतायत त्या!"

"तोफा चालू आहेत," डॉक्टर म्हणाले.

चिटणीसांनी कागद ओढला. पेन उठेना. दुसरं पेन मिळालं तर स्वार जागेवर नव्हता. सासूबाई खुर्चीवर बसून तळपाय चोळत होत्या. "आले, आले," म्हणत त्या उठल्या, चप्पल शोधली, एक डावी मिळाली, उजवी टेबलाखाली. त्या टेकडीपाशी पोचल्या तेव्हा गुलाबी पलटणीतला शेवटचा मिशीवाला घोडा आडवा होत होता.

"संपलं," डॉक्टरांनी जाहीर केलं.

चिटणीस लाल झाले होते. "तुम्हाला दिसत नव्हतं? सगळं कापलं जात होतं समोर!"

"दिसत होतं," टेबलाला धरून उठत ती म्हणाली.

"मग हलला का नाहीत?"

"थांबा म्हणालात."

"अहो, पण... थांबा म्हणजे जरा थांबा! मी वाद मिटवेपर्यंत थांबा! हे काय सांगायला लागतं?"

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "चिठ्ठीत 'जरा' आहे का हो?"

सासूबाईंनी तिच्या हातातली ती चिठ्ठी घेतली. चष्मा लावला. एक बाजू वाचली, दुसरी वाचली, उजेडाकडे धरून वाचली. चार अक्षरं मावणार नाहीत एवढ्या त्या कागदाला त्यांनी पुरेपूर न्याय दिला.

"जरा नाही," त्या म्हणाल्या.

चिटणीसांनी तोंड उघडलं. "नियमच असे केलेत की..."

"मिटा," दाताचे डॉक्टर म्हणाले. हा शब्द त्यांनी धंद्यात आजवर वापरला नसावा. तोंडात चांगला बसला.

चिटणीसांनी ती चिठ्ठी हातात घेतली. अक्षर त्यांचंच होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेला माणूस. चूक दिसली की ती दिसली नाही असं त्याला करता येईना. त्यांनी पिशवीतून लेखाचं हस्तलिखित काढलं, 'भित्रा' या शब्दावर रेघ मारली आणि वर 'आज्ञाधारक' असं लिहिलं. "झालं समाधान?"

"तेही नको," ती म्हणाली.

"आता काय नको?"

"आज्ञाधारक म्हणजे शाबासकी झाली. त्याला शाबासकी नको आहे. लिहा: त्याला थांबायला सांगितलं होतं. पुढची चिठ्ठी आली नाही."

"ताई, ही दोन वाक्यं होतात."

"होऊ देत. एकातच बसवायला गेलात म्हणून तर भित्रा झाला ना तो?"

त्यांनी लिहिलं. दोन्ही वाक्यं लिहिली, आणि मुख्याध्यापकांच्या सवयीनं खाली रेघ ओढली. मग, तिच्याकडे न बघता, "नियम मात्र चांगले केले होते," म्हणाले. "मोजमापाचं काम केलेलं दिसतंय कधी."

"नकाशे काढते मी," ती म्हणाली. काढायचे, असं तिनं म्हटलं नाही.

लोक पांगले. नवरा टाय झटकून गळ्यात घालत होता. सासूबाई डॉक्टरांना विचारत होत्या की टेकडी फोडून डाव काढायला भूल द्यावी लागेल का. बटण टेबलाखाली पडलेले शिपाई गोळा करत होती. मेलेले एका डब्यात, जिवंत दुसऱ्या डब्यात, आणि पाहुणे फ्रॉकच्या खिशात. टेकडीवरच्या चार पलटणी उचलून झाल्यावर शेवटी सरदार राहिले. दुधातून काढल्यावर त्यांची मान घाईत चिकटवली होती, ती जरा वाकडी बसली होती. त्यामुळे ते लढाईकडे न बघता सारखे दाराकडे बघत होते. बटणनं त्यांना तळहातावर घेतलं. बराच वेळ निरखलं. मग आईच्या साडीचा पदर ओढला.

"आई, ह्यांना थांबा म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो गं."

"आणि मग कुणी आलंच नाही."

"नाही आलं."

बटणनं सरदारांना दाराच्या दिशेनं थोडं पुढे धरलं.

"मग ह्यांनी कुणाला विचारायचं होतं, आता निघू का म्हणून?"